आधी तपासणी मागून घे, बाई

अगं, बस जरा. हे वाचताना आजूबाजूला कोण बघतंय याची काळजी करू नकोस. बॅरेकमध्ये एकीच्या हातात छापील कागद आला की तो सगळ्यांचा होतो, तसा हाही होऊ दे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. काही शब्दांशी जीभ अडेल, पहिल्यांदा सगळ्यांचीच अडते.

तू नगरच्या कारागृहात कोर्टाच्या तारखेची वाट बघत असशील, नाहीतर शिक्षा लागून येरवड्याला गेली असशील. तू काय केलंस, केलंस की नाही, ते मला विचारायचं नाही. ते कोर्ट बघेल. मला फक्त तुझं वय विचारायचं आहे. तिशी ओलांडलीस ना? मग गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी आजवर कधी झालीय का? बाळंतपणाच्या वेळी आतून तपासलं होतं, ते यात धरायचं नाही. कॅन्सर होऊ नये म्हणून मुद्दाम केलेली तपासणी म्हणतेय मी.

नाही झाली ना? वाईट वाटून घेऊ नकोस. २०१९ ते २१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना हेच विचारलं होतं, आणि देशभरात शंभरातल्या दोघींनीही हो म्हटलं नाही. शिकलेल्या, शहरातल्या, पगारदार बायका धरून हा आकडा आहे. आणि दुसरीकडे या एका कॅन्सरचे आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण निघतात आणि पाऊण लाखाहून जास्त बायका जातात. मला याचा राग येतो तो अशासाठी, की हा कॅन्सर होण्याआधी पकडता येतो. सगळ्या कॅन्सरांबद्दल असं म्हणता येत नाही. याच्याबद्दल येतं.

कसं ते सांगते. गर्भपिशवी म्हणजे ओटीपोटात उलट्या टांगलेल्या पेरूएवढी असते, देठाकडची बारीक बाजू खाली. तो खालचा भाग योनीमार्गात उघडतो. तेच पिशवीचं तोंड. डॉक्टर त्याला गर्भाशयमुख म्हणतात. तिथल्या कातडीला एक विषाणू चिकटतो, एचपीव्ही त्याचं नाव. शरीरसंबंधातून येतो. नवऱ्याखेरीज कोणाला न ओळखणाऱ्या बाईलाही होतो, कारण नवऱ्याकडूनही येऊ शकतो आणि त्यालाही आपल्याला तो आहे हे माहीत नसतं. तेव्हा कोणाला हा विषाणू निघाला तर तिच्या चालीबद्दल कुजबुज करायची नाही, हे बॅरेकमध्ये आधीच ठरवून टाका. संसार केलेल्या बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. शरीर आपलं आपण त्याला वर्ष-दोन वर्षांत काढूनही टाकतं.

काहींच्या अंगात मात्र तो ठाण मांडून बसतो. मग तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडायला लागतात. हे बिघडणं फार सावकाश चालतं, कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षंसुद्धा लागतात. एवढा सगळा काळ बाईला काही म्हणजे काही कळत नाही. दुखत नाही, रक्त जात नाही. ती कांदे खुरपते, पाणी भरते, पोरं वाढवते. आपल्याला सवड आहे ती याच काळात, आणि नेमकं या काळात कोणी बघतच नाही.

लवकर लग्न, लवकर बाळंतपणं, एकामागून एक मुलं, तंबाखू यांनी धोका वाढतो. एचआयव्ही असेल तर सहापटीनं वाढतो, आणि पेशी बिघडायचा वेगही वाढतो. म्हणून एचआयव्ही असलेल्या बाईनं तिशीची वाट न बघता पंचविशीपासून ही तपासणी करून घ्यायची. जेलमध्ये एचआयव्हीची तपासणी होते, तुझी झाली असेल आणि निकाल तसा आला असेल तर डॉक्टरांना लगेच विचार: माझ्या पिशवीच्या तोंडाचं काय? त्यांनी स्वतःहून सांगावं हे खरं, पण तू विचारून मोकळी हो.

आता तुझ्या मनातली खरी भीती. पांढरं जातंय. कित्येक दिवस जातंय. कोणाला सांगितलं नाहीस. रात्री सगळ्या झोपल्यावर उठून कपडा बदलतेस, पहाटे नळाला गर्दी व्हायच्या आत तो धुतेस आणि कोणाला दिसू नये म्हणून ओढणीखाली वाळत घालतेस. शेजारची नाक मुरडते का इकडे लक्ष. कोर्टात नेतात त्या दिवशी तर गाडीत बसल्यापासून जीव टांगणीला, डाग पडला तर काय.

अगं, बहुतेक वेळा पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नसतो. जंतुसंसर्ग असतो. खाज, वास, दह्यासारखं किंवा हिरवट-पिवळं जाणं, याला औषधं आहेत, थोड्या दिवसांत बरं वाटतं. कपडा वापरत असशील तर तो उन्हात, उघडा वाळायला हवा. ओढणीखाली ओलसर राहिलेला कपडा पुन्हा घेतलास की त्रास उलटतो. महिला शिपायाकडे दोरी मागा आणि सगळ्या जणी मिळून मागा. एकटीनं मागितलं तर लाज वाटते.

पण काही गोष्टी थांबण्यासारख्या नसतात. संबंधानंतर रक्त दिसणं. दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं. घाण वासाचं, पाण्यासारखं, रक्ताची झाक असलेलं अंगावरून जाणं. आणि पाळी जाऊन वर्षं लोटली असताना पुन्हा लाल दिसणं. कित्येक बायका म्हणतात, पाळी परत आली. पाळी परत येत नसते, बाई. एकदाच दिसलं असलं तरी, थेंबभर असलं तरी, त्याच दिवशी सांगायचं.

आता तपासणी. तिची भीती आजाराहून मोठी होऊन बसलीय, म्हणून सगळं उघडून सांगते.

तुला टेबलावर पाठीवर झोपवतील, पाय गुडघ्यात दुमडून बाजूला घ्यायला सांगतील. अंगावर चादर असते. नसेल तर माग. स्पेक्युलम नावाचं एक साधन योनीमार्गात हळूच घालून थोडं उघडतात, म्हणजे आतलं तोंड दिसतं. साधन गार लागतं, थोडा दाब येतो. अंग आवळून धरलंस तर जास्त टोचतं, म्हणून तोंडानं सावकाश श्वास सोडत राहा. मग सिस्टर एका काडीवरचा कापूस पातळ ॲसिटिक ॲसिडमध्ये, म्हणजे घरच्या व्हिनेगरमध्ये जे असतं त्याच द्रवात, बुडवून त्या तोंडावर लावतात. किंचित चुरचुरतं. आणि मग मिनिटभर थांबायचं. दिव्याच्या उजेडात डॉक्टर किंवा सिस्टर नुसतं बघत असतात. बिघडलेल्या पेशी असल्या तर तेवढा भाग पांढरा दिसू लागतो, नसल्या तर गुलाबी राहतो. झालं. ना सुई, ना टाका, ना भूल. निकाल तिथल्या तिथं कळतो. तिला व्हीआयए तपासणी म्हणतात. तीस ते पासष्ट वयाच्या बाईची दर पाच वर्षांनी ती व्हावी, असं सरकारी धोरण आहे, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

पाळी चालू असेल तेव्हा करत नाहीत. पाळी गेलेल्या बाईत तोंडावरची बघायची जागा आत सरकलेली असते, तिच्यासाठी एचपीव्हीची चाचणी बरी. त्यात मऊ ब्रशनं नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. हा नमुना बाई स्वतःच्या हातानंही घेऊ शकते, आडोशाला जाऊन, कोणी न बघता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये त्याची शिफारस केलीय. ज्या बाईवर कोणी जबरदस्ती केलेली आहे, जिला टेबलावर झोपायच्या कल्पनेनंच घाम फुटतो, तिच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. आपल्या तुरुंगांत ती यायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. तोवर एवढं लक्षात ठेव: बाई डॉक्टर मागायचा तुला हक्क आहे. थांबा म्हणायचा हक्क आहे. आज नको म्हणून दुसऱ्या दिवशी ये म्हणायचासुद्धा आहे.

पांढरा डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. पुढची तपासणी करायची, एवढाच त्याचा अर्थ. बिघडलेला भाग असेल तर तो गार वायूनं गोठवून किंवा गरम टोकानं जाळून टाकतात. काही मिनिटांचं काम असतं. बाई त्याच दिवशी चालत परत येते. पिशवी जागेवर राहते.

पिशवीचं मुद्दाम बोलले. तू पाथर्डीची, शेवगावची, जामखेडकडची असशील आणि ऊस तोडायला कोयत्यावर गेलेली असशील, तर तुला हे जास्त कळेल. मुकादमाची उचल घेतलेली, खाडा पडला की पैसे कापले जाणार, पाळीत पोट दुखतंय, अंगावरून जातंय. दवाखान्यात गेलं की उत्तर ठरलेलं: पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात यावर २०१९ मध्ये ओरड झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ऊस तोडणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींची तर ऐन उमेदीत.

मला सगळ्यात जास्त सलतं ते हे, की या बायका कॅन्सरला घाबरून दवाखान्यात गेल्या होत्या. म्हणजे जागरूक होत्या. त्यांना हवी होती एक मिनिटभराची तपासणी आणि औषधाच्या गोळ्या, आणि हातात पडलं ऑपरेशन आणि कर्ज. सोबत अंडाशयंही काढली असतील तर अकाली अंग भाजणं, हाडं ठिसूळ होणं वेगळंच. तुझी पिशवी काढलेली असेल तर डॉक्टरांना तेही सांग आणि विचार: पिशवीबरोबर तोंडही काढलंय का? काही ऑपरेशनांत ते मागे ठेवतात. ठेवलं असेल तर तपासणी तुलाही हवी.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा तपासणीनं खरंच जीव वाचतो का. वाचतो, आणि ते आपल्याच मातीत सिद्ध झालंय. आपल्या जामखेडच्या पलीकडे धाराशिव जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद. तिथल्या गावांमधून १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायका. त्यांचे चार गट केले. एका गटाची एचपीव्ही चाचणी झाली, तीही आयुष्यात एकदाच. एका गटाला नेहमीसारखंच ठेवलं, म्हणजे वेगळी तपासणी नाही. आठ वर्षांनी पाहिलं तर चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या होत्या, न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच संख्येचे होते. आणि ज्यांची चाचणी निगेटिव्ह आली होती, त्यांतली एकही बाई त्या आठ वर्षांत या कॅन्सरनं गेली नाही. २००९ मध्ये हे छापून आलं आणि जगभरच्या डॉक्टरांनी ते वाचलं.

त्या अख्ख्या गटाला तपासणीविना ठेवणं बरोबर होतं का, यावर पुढं बराच वाद झाला. व्हायलाच हवा होता. माझ्या मनातही तो मिटलेला नाही. पण त्या बायकांनी जे दाखवून दिलं ते जगानं वापरायचं आणि आपण बाजूच्या जिल्ह्यात बसून वापरायचं नाही, हे मला अजिबात पटत नाही.

मुंबईत टाटा रुग्णालयानं वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर तसाच अभ्यास केला, मघाशी सांगितलेल्या व्हीआयए तपासणीचा. तपासायला डॉक्टर नव्हते. साधारण दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केलं होतं. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे तज्ज्ञ डॉक्टर नाहीत म्हणून तपासणी होत नाही, ही सबब चालायची नाही.

मग तुझ्यापर्यंत ती का पोचत नाही? तुरुंगात बायका थोड्या. २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या कैद्यांत त्या शंभरात चार होत्या, सगळ्या मिळून चोवीस हजारांच्या आत. जी काही व्यवस्था आहे ती पुरुषांचा विचार करून बांधलेली. बाई डॉक्टर रोज नसतात. बाहेरच्या रुग्णालयात न्यायचं तर पोलीस गार्ड लागतो, आणि बंदोबस्त निघाला की गार्ड मिळत नाही, नंबर हुकतो. बहुतेक जणी कच्च्या कैदेत. आज आहेत, उद्या जामीन झाला की गेल्या. अशांच्या तपासणीचा पाठपुरावा कोण करणार, असा विचार होतो आणि मग सुरुवातच होत नाही. तुरुंग म्हणजे कॅन्सर असं काही नाही. पण तुरुंगात येणारी बाई बहुतेक वेळा गरिबीतून, मारहाणीतून, दवाखान्याची पायरी न चढता आलेली असते. अमेरिकेतही हेच दिसलं, तुरुंगात जाऊन आलेल्या बायकांत हा कॅन्सर इतर बायकांपेक्षा कैक पटींनी जास्त. तिथल्या कॅन्सस सिटीच्या तुरुंगांत संशोधक बायकांनी आठवडाभर रोज बसून कैदी बायकांशी याच विषयावर गप्पा केल्या. आठवड्याअखेरीस त्या कैदी बायकांना कळत होतं तर जास्तच, पण मुख्य म्हणजे दवाखान्यात जाऊन तपासणी मागायची हिंमत आली होती.

हक्काचं बोलायचं तर कागदावर सगळं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं डिसेंबर २०१० मध्ये महिला कैद्यांसाठी नियम मंजूर केले, बँकॉक नियम म्हणतात त्यांना. त्यातला अठरावा नियम म्हणतो की बाहेरच्या त्याच वयाच्या बायकांना मिळते तशी गर्भाशयमुखाची आणि स्तनाची तपासणी कैदी बायकांनाही मिळाली पाहिजे. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये राज्यांना दिलेल्या आदर्श कारागृह नियमावलीतही बायकांसाठी वेगळं प्रकरण आहे. मला मात्र तो ‘बाहेरच्या बायकांइतकी’ हा हिशेब खटकतो. बाहेर शंभरात दोघींचीही होत नाही, मग आत किती जणींची करायची? उलट आतल्यांची आधी होऊ शकते. बाहेर आशाताई दारोदार फिरते, तर बाई शेतात गेलेली असते, नाहीतर सासू नको म्हणते, नाहीतर मजुरी बुडते. आत सगळ्या एका ठिकाणी, रोज मोजलेल्या. कोणाचा खाडा पडत नाही. जिल्हा रुग्णालयातून एक बाई डॉक्टर, दोन सिस्टर, एक टेबल, चांगला दिवा आणि ॲसिडची बाटली एवढं आलं तर महिला विभागातल्या तिशीवरच्या सगळ्या जणी फार दिवस न लागता तपासून होतील, गार्डाशिवाय. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांना हात जोडून सांगते, हे अवघड नाही.

आणि ते येईपर्यंत तू काय करायचं? अर्ज लिहायचा. असा लिही:

“प्रति, मा. कारागृह अधीक्षक. विषय: गर्भाशयमुखाची तपासणी करून मिळणेबाबत. महोदय, मी अमुक, वय इतके, महिला विभागात न्यायाधीन बंदी आहे. माझी ही तपासणी आजवर झालेली नाही. मला पाळी नसताना मधेच रक्त जाते. तरी महिला डॉक्टरांमार्फत माझी तपासणी व्हावी व तिचा कागद मला मिळावा, ही विनंती.”

रक्ताचं वाक्य तसं असेल तरच घाल, खोटं लिहू नकोस. त्रास काही नसला तरी अर्ज करता येतो, तपासणीचं वय झालंय एवढं कारण पुरतं. दोन प्रती कर, एकीवर पोच घे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील कारागृहाला भेट द्यायला येतात, त्यांना ती प्रत दाखव. बाईला आणि कोठडीत असलेल्या कोणालाही हे वकील फुकट मिळतात, १९८७ च्या कायद्यानं. तपासणीत काही निघालं आणि उपचार आत होण्यासारखे नसले, तर तेच वकील कोर्टापुढे जामिनाचा अर्ज ठेवतील. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८० व्या कलमात बाई आणि आजारी माणूस यांचा जामिनासाठी वेगळा विचार करायची तरतूद आहे. जामीन मिळेलच असं मी म्हणणार नाही. पण केसपेपर हातात असला तर तुझं म्हणणं कोर्टाला दिसतं.

केसपेपरवरून आठवलं. सुटकेचा हुकूम आला की त्या धावपळीत कोणाला कागद आठवत नाहीत. पिशवीत कपडे भरते, पोराचा फोटो घेते, आणि रिपोर्ट दवाखान्याच्या फायलीत राहून जातो. नमुना पाठवलेला असेल आणि निकाल यायचा असेल तर तो कुठं येणार, कोणाकडे मागायचा, हे आधीच विचारून ठेव. बाहेर आल्यावर तोच कागद घेऊन नगरच्या जिल्हा रुग्णालयात जा, नाहीतर लोणीला प्रवराच्या रुग्णालयात. कॅन्सरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, म्हणून रेशनकार्ड कुठं आहे ते आत्ताच घरी विचारून ठेव. एचआयव्ही असलेल्या बाईला घरचं दार बंद झालं असेल, तर नगरमध्ये स्नेहालय ही संस्था १९८९ पासून अशा बायकांसाठी काम करतेय.

तुझ्याच बॅरेकमधल्या एखादीनं हे काम अंगावर घ्यावं असं मला फार वाटतं. कोणाची तपासणी झाली, कोणाची राहिली, कोणाला औषध दिलंय, एवढं वहीत लिहून ठेवणारी एक जण. तिला डॉक्टरीण व्हायचं नाही, आणि कोणाचा निकाल कोणाला सांगायचाही नाही. तो ज्याचा त्याचाच. शिकलेली नाही म्हणून मागं सरू नकोस. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या बायकांना, कित्येक जणी अंगठा उठवणाऱ्या, कित्येक जणी दलित वस्तीतल्या, त्यांनी आरोग्यसेविका बनवलं. ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्या बाळंतपणं करायला लागल्या, गावानं त्यांचं ऐकलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण खरं काम त्या बायकांनी केलं. ते सगळं घडलं ती गावं तुझ्या बसच्या रस्त्यावरची आहेत.

आणि तू, जी बाहेर आहेस, भेटीला येतेस, काचेपलीकडच्या बहिणीला काय विचारावं ते सुचत नाही. केसचं विचारून झालं, वकिलाचं झालं, पोरांचं झालं. आता हेही विचार: अंगावरून जातंय का, रक्त दिसतं का, तपासणी झाली का. तिची मुलगी तुझ्याकडे असेल आणि नऊ ते चौदा वर्षांची असेल, तर तिला एचपीव्हीची लस देता येते. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटनं सर्व्हाव्हॅक नावाची आपल्या देशातली लस बनवलीय, जानेवारी २०२३ मध्ये ती आली. ती कुठं आणि कशी मिळेल, किती डोस लागतील, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचार. आईला बघता येत नाही, म्हणून ते तू बघायचं. आणि हो, लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागतेच. तुझी स्वतःचीही राहिली असेल, तीही करून घे.

अगं, एक शेवटचं काम. तुमच्यात एखादी म्हातारी असेल, कोपऱ्यात पडून राहणारी, पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली. आपल्याला आता काय होणार म्हणून तिला कोणी विचारत नाही, आणि ती स्वतःहून सांगणारही नाही. आज तिच्याजवळ जाऊन बस आणि हळूच विचार, आजी, रक्त तर दिसत नाही ना? दिसतं म्हणाली, तर तुझा अर्ज उद्या लिही. आधी तिचा लिही, आणि आजच दे.